राखणदाराच्या जागेतले चार चौकोन

‘पडीक’. अहवालातल्या ह्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. बाकीची पानं गुळगुळीत होती, नकाशे रंगीत होते, आणि आमच्या सड्यावर पिवळा रंग मारून त्यावर लिहिलं होतं: पडीक, वनस्पती नगण्य. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. त्याच्या पोटात मुरलेलं पाणी खाली झरीतून बाहेर येतं. त्या झरीवर आमचा खालचा वाडा जगतो, वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, शेती होते, माझ्या आईची वाल आणि तांबडी भाजी होते. वर बंगले आणि पोहण्याचे तलाव झाले, की झर गेली. हे कळायला कुठल्या अहवालाची गरज नव्हती. पण ते नाकारायला अहवाल केला होता. आणि तो करणारा, बंगलेवाल्यांनी नेमलेला सल्लागार आला होता मे महिन्यात, जेव्हा सड्यावर चप्पल घालूनही पाय पोळतो.

मी पत्रकं काढणारी मुलगी. पेडण्याच्या कॉलेजात असल्यापासून तेच केलं. मोठ्या अक्षरात मथळा, खाली तीन उद्गारचिन्हं, दुपारी बसस्टँडवर वाटप. सड्यावर मी लागोपाठ चार पत्रकं काढली. ती घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले, तर तिथल्या साहेबांनी चारही शांतपणे वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “तुमचा राग समजला. आता सांगा, सड्यावर काय आहे आणि किती आहे? सुनावणीला राग फायलीत लावता येत नाही मला.”

मी बाहेर येऊन त्यांना भरपूर शिव्या दिल्या. आज त्या परत घेते. त्या माणसाने मला फुकटात जे सांगितलं, त्यासाठी लोक पैसे मोजून शिकायला जातात.

डिचोलीला वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहत होत्या. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मैत्रिणीच्या ओळखीने, तिला घेऊन गेले. बाईंनी खिडकीजवळच्या मेजावरची पुस्तकं सरकवून आम्हा दोघींना उंडे पाव आणि पातळ भाजी वाढली. माझं भाषण पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला सडा वाचवायचाय की त्या सल्लागाराला हरवायचाय?”

“दोन्ही.”

“मग आधी पहिलं. दुसरं झालं तर झालं.”

पद्धत त्यांनी दिली ती अशी. प्लंबरकडून पांढरे पाइप आणून एक मीटर लांबी-रुंदीची चौकट करायची. सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरायची. दर वीस पावलांना, दोरी जिथं म्हणेल तिथं चौकट टाकायची आणि आत उगवलेलं प्रत्येक झाड कुठलं, किती, ते लिहायचं. “फुलं दिसली म्हणून तिकडे जायचं नाही,” बाई म्हणाल्या. “चिखल आहे म्हणून टाळायचं नाही. दोरी मालकीण, तुम्ही नोकर.”

ऑगस्टमध्ये आम्ही दोघींनी दोरी धरली. ज्यांनी आमचा सडा मे महिन्यात पाहिला, त्यांची मला खरोखर कीव येते. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी, त्यात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर. दगडाच्या फटीत तेरडा. किडे खाणारं दवबिंदूचं इवलंसं झाड, जे ओळखायला गुडघ्यावर बसून नाक जमिनीला लावावं लागतं. एका चौकटीला तास लागायचा. पाठ मोडायची, वही भिजायची. पंधरा चौकोन झाल्यावर मैत्रीण म्हणाली, “पत्रकं वाटणं सोपं होतं गो.”

सड्याच्या मध्यावर राखणदाराची जागा आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही. चिऱ्यांचा गुडघाभर उंचीचा बांध, आत झुडपं, खळगे, कातळ. गावाची राखण करणारा तिथं वस्तीला आहे, असं आम्ही मानतो. आत कोणी पान तोडत नाही. आणि गावाच्या वतीने राखणदाराला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घालणाऱ्या घरातल्या पुरुषाशिवाय कोणी पायही ठेवत नाही. दोरी बरोबर त्या बांधावरून आत गेली.

आम्ही दोघी आंदोलनवाल्या, पुढाऱ्यांच्या तोंडावर बोलणाऱ्या. पण तिथं थांबलो. एकमेकींकडे पाहिलं आणि बांधाला वळसा घालून पलीकडून दोरी पुन्हा धरली. आत चार चौकोन पडले असते. वहीत शेवटच्या चार ओळी त्यांच्यासाठी ठेवून त्यांपुढे मी आडव्या रेघा मारल्या. चाळीसपैकी छत्तीस मोजून झाले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी घरी बसून.

बाईंनी एक सॉफ्टवेअर दाखवलं होतं. नावाला एकच इंग्रजी अक्षर, किंमत शून्य. त्याला जोडायचं एक पॅकेज, खास झाडापेडांच्या समूहांसाठी लिहिलेलं. ते काय करतं, हे बाईंनी मला माटोळीवरून समजावलं. चवथीला गणपतीवर रानातली फळं-पानं बांधतो ती माटोळी. “तुझ्या घरच्या आणि शेजारच्या माटोळीत कांगण्यो आहे, कवंडळ आहे. तुझ्याकडे दोन, त्यांच्याकडे पाच. तर सारखेपणा किती? हे तो मोजतो. आता दोघांच्याही माटोळीत सफरचंद नाही. म्हणून त्या जास्त सारख्या झाल्या का?”

“नाही. सफरचंद कशाला असेल?”

“हेच. जे दोन्हीकडे नाही, त्याच्यावरून नातं जोडायचं नाही. साधी सरासरीची गणितं इथंच फसतात. म्हणून हे वेगळं गणित.”

मग प्रत्येक चौकोनाचा कागदावर एक ठिपका होतो. सारखी झाडं असलेले चौकोन जवळजवळ, वेगळी असलेले लांब. अख्खा सडा एका चित्रात. बाईंनी दुसऱ्या एका सड्याचं असं चित्र दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण बाई बेळगावला मुलीकडे गेल्या. चवथ तोंडावर होती आणि मला देवळातल्या गर्दीत पत्रक वाटायचं होतं. मी एकटीनेच आकडे भरले. आडव्या रेघा त्या सॉफ्टवेअरला कळेनात, म्हणून तिथं शून्यं टाकली. त्याने चित्र द्यायचं नाकारलं. लाल अक्षरात ओळ आली: काही ओळी रिकाम्या आहेत, त्यांच्या अंतरांना अर्थ नाही. मी पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. सल्लागाराला सगळं चालतं आणि मलाच हे यंत्र अडवतं, असा मला खरोखरचा राग आला. मग मी त्या चार ओळींत प्रत्येकी ‘गवत – १’ असं लिहिलं. पावसात राखणदाराच्या जागेत गवत असणारच की! त्यात काय खोटं?

लाल अक्षरं गेली. चित्र आलं. आणि काय चित्र! सगळे ठिपके एकीकडे, आणि दूर कोपऱ्यात राखणदाराच्या जागेचा एकच ठसठशीत काळा ठिपका. मी खुर्चीतून उठले. पत्रकाचा मथळा तयार: ‘विज्ञानाने सिद्ध! राखणदाराची जागा जगावेगळी!!!’ चवथीच्या आधी वाटून मोकळी झाले. लोकांना फार आवडलं. माझ्या सगळ्या पत्रकांत तेच सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

बाई परत आल्या. मी चित्र मेजावर ठेवलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि एकेक ठिपका टोचत मोजायला लागल्या. मला वाटलं, कौतुक करायची त्यांची ही रीत असेल.

“चौकोन किती?”

“चाळीस.”

“इथं सदतीस आहेत.”

मी म्हटलं, “छपाईत गेले असतील.”

“छपाईत नाही गेले. हा काळा ठिपका एक नाही, चार आहेत. एकावर एक बसलेत. चार चौकोन एवढे सारखे, की तसूभर फरक नाही? सड्यावर तुला शेजारशेजारचे दोन चौकोन तरी तसे सापडले का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय भरलंस तिथं?”

मी सांगितलं. सांगताना आवाज चढवला, कारण मला दुसरं काही येत नाही. “पण बाई, गवत तर असणारच ना! आत जाता येत नाही, मग काय करायचं? चार ओळींसाठी सगळं अडवून ठेवायचं?”

“तू पाहिलंस गवत?”

“नाही.”

“तो माणूस मे महिन्यात गाडीतून आला आणि न पाहता ‘नाही’ लिहून गेला. तू पावसात गुडघे फोडलेस आणि न पाहता ‘आहे’ लिहिलंस. सुनावणीत तो हे चित्र उघडेल. त्याच्याकडेही हेच सॉफ्टवेअर असेल. चार खोट्या ओळींपायी तुझे छत्तीस खरे चौकोन जातील, सडा जाईल, झर जाईल. आणि ते तू घालवलेलं असेल.”

मी रडले. खोटं कशाला बोलू. रागाने रडले आधी, मग लाजेने. बाईंनी रडू दिलं, चहा केला आणि म्हणाल्या, “शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे पाहिलंच नाही. रिकामं लिहायला लाज नाही वाटायला पाहिजे. तिथं रिकामं ठेव. नाहीतर ज्याला आत जाता येतं, त्याला विचार.”

ज्यांना आत जाता येतं ते काका आमच्याच वाड्यावर राहतात. सत्तरी गाठलेले, काजूची बाग सांभाळणारे, वाकड्या जिभेचे. मी गेले तेव्हा ते खळ्यात बसून कोयता घासत होते आणि माझं पत्रक त्यांच्या मांडीखाली होतं. बसायला घेतलेलं.

“ये गो शास्त्रीणबाय,” काका म्हणाले. “राखणदाराची जागा जगावेगळी म्हणून छापलंस. माका बरा वाटला. पण तू भितर कधी गेलंस?”

“नाही गेले, काका.”

“मगे तुका कोणी सांगला? राखणदारान? माका चाळीस वर्सां झाली, माज्याकडे एक अक्षर बोलूक नाय तो.”

मी सगळं सांगितलं. चौकट, दोरी, शून्य, गवत. काकांनी कोयता घासणं थांबवलं नाही, पण ऐकलं. शेवटी म्हणाले, “तोडूचा नाय ना काय? उपटूचा नाय? निस्ता मोजूचा?”

“फक्त मोजायचं.”

“मोजूक काय हरकत आसा? तुमी इचारलातच नाय. माकाही नाय आणि तेकाही नाय.”

हे मला लागलं. आम्ही थांबलो, मान राखला, असं मला वाटत होतं. विचारायचं मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं. गावात जन्मून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून, अनवाणी, बांधापाशी आले. पानाचा विडा ठेवला, हात जोडले. “बा म्हाराजा, ह्या चेडवांक तुज्या जाग्यातलो पालो मोजूचो आसा. तोडूचो नाय, न्हेवचो नाय. मोजतलंव आणि भायर येतलंव. काय चुकला माकला तर पोटात घाल.” आम्ही दोघी मागून “व्हय म्हाराजा” म्हणालो. मग ते चौकट घेऊन बांध ओलांडून गेले आणि मी दोरीचं दुसरं टोक धरून बाहेर उभी राहिले.

काकांना पुस्तकातलं एक नाव येत नाही. पण माटोळीसाठी आयुष्यभर सडा फिरलेला माणूस. ते एकेका झाडाला बोट लावत, त्यांच्या नावाने ओरडून सांगायचे. नाव ठाऊक नसेल तिथं म्हणायचे, “हेचा नाव नाय ठावक. तीन पानां, केसाळ. सात आसत.” मी लिहायचे. मैत्रीण मोबाइलवर लांबून फोटो घ्यायची, बाईंना दाखवायला. पहिल्या चौकोनात सीतेची आसवं. दुसऱ्यात कळलावी आणि काय काय. तिसरा झुडपाखाली, तिथं काका पोटावर झोपले आणि बराच वेळ फक्त त्यांचे तळवे दिसत होते.

चौथा पडला कातळाच्या सपाट पाटीवर. वर्षाला राखणदाराला रोटाची जाड भाकरी ठेवतात ती जागा. घासून गुळगुळीत झालेला दगड.

“हय काय नाय,” काका म्हणाले.

“नीट बघा ना काका.”

“बघलंय. शेवाळापण नाय. शून्य लिव.”

दोन हातांवर तेरड्याचा ताटवा मला बाहेरून दिसत होता. “काका, चौकट जराशी उजवीकडे सरकवा. थोडीशीच.”

काका उभे राहिले. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, “दोरी खय थांबली?”

“तिथंच.”

“मगे सरकवू कित्याक? कालच्यान माका सांगतंय, दोरी मालकीण, दोरी मालकीण. आणि आता? कोणाक फसवतंय गो, माका काय तेका?” त्यांनी हाताने मागच्या झुडपांकडे दाखवलं.

मी शून्य लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कमावलेलं शून्य.

नवं चित्र आलं तेव्हा तो दूरचा काळा ठिपका नव्हता. राखणदाराच्या जागेचे दोन ठिपके पाणथळ खळग्यांच्या घोळक्यात जाऊन बसले, एक झुडपांच्या कडेला. चौथा चित्रात नाहीच. खऱ्या शून्यालाही अंतर मोजता येत नाही, म्हणून बाईंनी तो चित्रातून काढायला लावला, पण तक्त्यात ठेवायला लावला आणि खाली ओळ लिहून घेतली: ‘चाळिसावा चौकोन पाहिला. काही नव्हतं.’ आतले चारही चौकोन महिन्याभराने मोजलेत, हीसुद्धा ओळ लिहून घेतली. जगावेगळं काही उरलं नाही. उरलं ते एवढंच: कातळ, खळगे आणि झुडपांची कड, तिन्हीकडे वेगवेगळी वस्ती आहे. हे योगायोगाने दिसतंय का, ते तपासायला सॉफ्टवेअर चौकोनांवरच्या चिठ्ठ्या हजारदा पिसतं, जणू कोणाची जागा कोणती ते ठाऊकच नाही, आणि दर वेळी बघतं की एवढा फरक नुसत्या पिसण्याने पडतो का. आमच्या सड्याइतका फरक सहसा पडत नव्हता. म्हणजे सडा एक पिवळा पट्टा नाही. तिथं तीन शेजार नांदतात.

मथळा होण्यासारखं काही नव्हतं ह्यात. तरी पत्रक काढलं. ‘आमचं चवथीचं पत्रक चुकीचं होतं’ असा मथळा, एकही उद्गारचिन्ह नाही. त्याच बसस्टँडवर उभं राहून वाटलं. एका ओळखीच्या काकूने वाचून विचारलं, “मगे आता सडा पडीक म्हणूचा?” तिला उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं. दोन बस सुटल्या.

सुनावणी पंचायतीच्या हॉलमध्ये झाली. सल्लागार अगदी सभ्य माणूस. त्याने माझी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी धरली. “मॅडम स्वतःच लिहितात की चार नोंदी मनाने भरल्या होत्या. मग उरलेल्या छत्तीसांवर का विश्वास ठेवायचा?”

माझ्या तोंडात शिवी आली होती. मी ती गिळली आणि वही पुढे केली. भिजलेली, चिखलाची, आडव्या रेघा मारलेली. साहेबांनी पानं उलटली आणि मग सल्लागाराला विचारलं, “तुमची वही?”

“आम्ही पूर्ण पठाराची दृश्य पाहणी केली, सर.”

“गाडयेत बसान?” मागून काका म्हणाले, आणि हॉल हसला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. “हे शून्य कोणी मोजलं?”

“मिया,” काका उभे राहिले. “हेना सरकवूक सांगल्यान. मिया सरकवूक नाय.”

सगळ्या हॉलसमोर! मला जमीन गिळेल तर बरं, असं झालं. पण साहेबांनी तेवढ्याने पुढची पानं वाचायला घेतली, आणि ह्या वेळी घडी घातली नाही. आठवड्याने आदेश आला: ‘पडीक’ ही नोंद ग्राह्य धरलेली नाही, पावसाळ्यात सरकारी मोजणी होईल, तोवर जमीन आहे तशी राहील. विजय नाही तो. मुदत आहे. पण झर वाहते आहे, आणि त्या मुदतीत आईने वालाचे दोन वाफे जास्त घातले.

मी आभार मानायला शिकले नव्हते. आंदोलनात ते शिकवत नाहीत, तिथं निषेध शिकवतात. आता एकेकाला शोधून मानते. साहेबांचे मानले, ते कानकोंडे झाले. बाईंचे मानले, त्या म्हणाल्या, आधी वह्या सुकव. ते पॅकेज लिहिणाऱ्यांपैकी एकाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, की कुठल्याशा थंड देशात बसून, न ओळखता, पैसे न घेता तुम्ही ती लाल ओळ लिहून ठेवलीत, ती मी दोनदा धुडकावली आणि तरीही तिने आमचा सडा वाचवला. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. मदत झाली ह्याचा आनंद आहे, आणि पुढच्या वेळी पहिल्यांदाच वाचा.

काकांचे आभार मानायला गेले, तर ते गुडघा चोळत बसले होते. सरकारी मोजणी ऐन पावसात, आणि त्यांना आता जमिनीवर झोपून उठता येत नाही. मुलगा आखातात. मी म्हटलं, मग तेवढे चार चौकोन रिकामे ठेवू, कारण लिहू, त्यात लाज नाही.

काकांनी सड्याच्या दिशेने बोट केलं. मग म्हणाले, “मिया तेका इचारलंय.”

यंदा जूनअखेर सरकारी माणसं आली तेव्हा बांधापाशी काकांनी विडा ठेवला आणि गाऱ्हाण्यात माझं नाव घेतलं. आमच्या गावात कोणा मुलीचं नाव तिथं घेतल्याचं कोणाला आठवत नाही. मैत्रिणीने दोरी धरली. मी चपला काढल्या आणि चौकट घेऊन बांध ओलांडला.